भावाच्या नावाचा अर्ज

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादा कागद जपून ठेवलेला असतो. कोणाकडे शेताचा सातबारा, कोणाकडे घराचे खरेदीखत. माझ्या एका स्नेह्यांच्या कपाटात असाच एक कागद आहे. त्यावर एक तारीख आहे, आणि तिच्यावर नजर ठेवून हे गृहस्थ पंधरा वर्षे थांबले आहेत. त्यांच्या थोरल्या भावाने, अमेरिकेचा नागरिक या नात्याने, त्यांना तिकडे नेण्यासाठी अर्ज केला त्या दिवसाची ती तारीख. तेव्हा त्यांची मुलगी चौथीत होती. आज ती नोकरी करते.

हा कागद निघाला कोठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेने १९१७ साली कायदा करून आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांना दार बंद केले. त्या भागात हिंदुस्थानही आला. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे. म्हणून त्याला नागरिकत्व नाही. कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाबी लोकांना आपल्या बायका आणता येईनात. त्यांतल्या कित्येकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने करून तिथेच संसार थाटले. पुढे २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी नव्या कायद्यावर सही केली. नागरिकत्व मिळाले, आणि हिंदुस्थानच्या वाट्याला जागा आल्या वर्षाला १००! एवढ्या मोठ्या देशातून शंभर माणसे. हसावे की रडावे?

खरी कलाटणी मिळाली १९६५ साली. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून जो कायदा मंजूर केला, त्याने वंशावर आधारलेली जुनी वाटणी मोडीत काढली. मूळ सरकारी मसुद्यात हुन्नर आणि शिक्षण यांना पहिला मान होता. पण प्रतिनिधिगृहाच्या संबंधित उपसमितीचे अध्यक्ष, ओहायोचे मायकेल फीगन, यांनी आग्रह धरला की, पहिला मान नात्याला हवा. त्यामागचा हिशेब साधा होता. अमेरिकेत नातेवाईक आहेत ते युरोपातल्या लोकांचे. आशियावाल्यांचे तिथे आहे कोण? तेव्हा नाते पुढे केले की देशाचा तोंडवळा बदलणार नाही. प्रतवारीतील सुमारे तीन-चतुर्थांश जागा अशा रीतीने नात्यागोत्यांना गेल्या. त्यांतल्या २४ टक्के एकट्या भावाबहिणींच्या.

हिशेब चुकला. शिक्षितांसाठी ज्या १० टक्के जागा उरल्या होत्या, त्या वाटेने आपल्याकडचे डॉक्टर आणि अभियंते गेले. त्यांत मुंबई-पुण्याची मराठी मुलेही होती. पाचएक वर्षांनी ती नागरिक झाली. मग त्यांनी काय केले? कोणताही शहाणा मुलगा करील तेच. आईवडिलांना बोलावले, भावाबहिणींसाठी अर्ज भरले. जी फट युरोपसाठी ठेवली होती, तिच्यातून आशिया आत आला.

आता या कायद्याच्या लेखी नातेवाईक म्हणजे कोण, ते पाहा. नागरिकाचे पती-पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांना जागांची मर्यादा नाही. मोठी मुले आणि भावंडे यांना रांग आहे. आणि चुलतभाऊ? आपल्याकडे तो ‘दादा’ असतो. तिथे तो कोणीच नाही. आजी नाही, मावशी नाही, मामा नाही. शिवाय बोलावणाऱ्याला जामीन राहावे लागते. १९९६ च्या कायद्यापासून त्याचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असल्याचे दाखवावे लागते, आणि तो करार न्यायालयात बजावता येतो. केवळ ‘मी आहे ना, तू ये’ म्हणून भागत नाही.

रांग लांबण्याचे कारणही आकड्यांत आहे. १९९० च्या कायद्याने साऱ्या जगातील भावंडांसाठी वर्षाला ६५,००० जागा ठेवल्या, आणि त्यांत बायकामुलेही मोजली जातात. त्यातच एका देशाला एकूण जागांच्या सात टक्क्यांची मर्यादा. इकडे अर्ज मात्र डोंगराएवढे. म्हणून भारतातल्या भावाला दीड दशकाहून जास्त थांबावे लागते. त्याच्याबरोबर जाता येते ते पत्नीला आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांना. अर्ज तपासण्यात जितका काळ गेला तितकी वयात सूट मिळते खरी. पण ती नेहमी पुरतेच असे नाही.

आता आमच्या स्नेह्यांकडे परत या. मुलीच्या भवितव्यासाठी त्यांनी भावाला होकार दिला होता. उद्या बोलावणे आले, तर मुलगी मागे राहण्याचा संभव आहे. परवा मी त्यांना विचारले, “मग जाणार का?” ते म्हणाले, “दादाने स्वतःच्या हाताने भरलेला अर्ज आहे हो. नाही कसे म्हणू?”

घर एकत्र यावे म्हणून केलेला कायदा, पण त्याची रांग इतकी लांब की, नंबर लागेतो घरच बदलून जाते. दोष कायद्याचा, की आपल्या आशेचा, हे ज्याने त्याने ठरवावे. तो कागद मात्र अजून कपाटात आहे, मुलीच्या चौथीच्या प्रगतिपुस्तकाशेजारी.