ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोषनिदान (जुनी मोटार)

चालकाने क्लच न दाबता वेग आणि चढ पाहून स्वतःच गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत बिघाड कुठे आहे, हे पेटी उघडण्याआधी ठरवण्याची पद्धत. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत ‘हायड्रा-मॅटिक’ दिला, तेव्हापासून असे गिअरबॉक्स सामान्य ग्राहकाच्या हाती आले. भारतात ते नव्वदच्या दशकात मारुतीच्या झेन आणि एस्टीममधून, नंतर ह्युंदाईच्या सँट्रो, आय-टेनमधून दिसू लागले. अकोला-अमरावतीकडे ‘बिनक्लचची गाडी म्हणजे खर्चाचे घर’ हा समज मात्र बराच काळ टिकला. तो अगदीच निराधार नव्हता. पण ‘पेटी गेली’ असा निकाल लागलेल्या गाडीचा दोष पुष्कळदा पेटीबाहेर सापडतो. बॅटरी उतरलेली असते, इंजिनाचे माउंटिंग तुटलेले असते किंवा तेलच चुकीचे भरलेले असते.

म्हणून पहिला प्रश्न, पेटी कोणत्या जातीची? मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणलेली एएमटी ही मुळात साधी मॅन्युअल पेटी. क्लचप्लेट तीच, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो. ती झटके देऊ लागली तर क्लचप्लेटची झीज, अ‍ॅक्च्युएटरचे तेल आणि बॅटरीचा व्होल्टेज एवढे आधी पाहावे. नवी क्लचप्लेट टाकल्यावर स्कॅनर लावून संगणकाला तिची ओळख करून द्यावी लागते; हे राहिले की हजारो रुपये खर्चूनही झटके तसेच. होंडा सिटी झेडएक्समधील सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, दोन पुलींवर पोलादी पट्टा फिरतो आणि तिला तिचेच तेल लागते. आय-टेनसारख्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत पेटीकडे पोचवणारा भाग) आणि चार गिअर. पुढचे विवेचन मुख्यतः या शेवटच्या जातीचे आहे.

निदानाची निम्मी लढाई तेलावर होते. गाडी चांगली गरम करून सपाट जागी उभी करावी, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवत फिरवावा आणि मग गेज काढावी. बहुतेक गाड्यांत इंजिन आयडलवर ठेवून पातळी पाहतात. होंडात इंजिन बंद करून लगेच. गेज पुसायला (कापसाच्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगावे लागते) कापसाचा बोळा नको, कारण सुटलेले धागे व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकतात. गेजवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवावा. लालसर, पारदर्शक आणि कडेने पसरणारा थेंब चांगला. तपकिरी रंग म्हणजे तेल जुने झाले. काळपट रंग आणि जळका वास आला, तर आतल्या क्लचप्लेटा जळत आहेत. चकाकणारा चुरा दिसला तर धातू झिजतो आहे.

थेंब दुधाळ गुलाबी निघाला तर गाडी तिथेच थांबवावी. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती फुटली की पाणी तेलात शिरते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात या दोषाकडे विशेष लक्ष हवे. कूलंटऐवजी बोअरचे खारे पाणी भरत राहिले, की रेडिएटर आतून खाल्ला जातो.

उन्हाचा मुद्दा वऱ्हाडात टाळताच येत नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर अकोल्यात उष्णतेपायी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावावे लागले होते. तेलाचे तापमान सुमारे १० अंशांनी चढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. उष्णतेचा फटका कंपन्यांनाही बसला आहे: फोक्सवॅगनने नोव्हेंबर २०१३ मध्ये सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजी (दुहेरी क्लचच्या) पेट्यांत सिंथेटिकऐवजी खनिज तेल भरून देण्याचे ठरवले, कारण उष्ण व दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होत होता. त्यामुळे इकडे कंपनीच्या पुस्तकातील तेलबदलाचा ‘कठीण वापर’ हा रकानाच प्रमाण धरावा.

यानंतर गाडी चालवून पाहायची. सकाळी थंड असताना ‘डी’ टाकल्यावर गाडी दोनेक सेकंद विचार करत राहिली, तर आतली सीले कडक झाल्याचा किंवा तेल कमी असल्याचा संशय घ्यावा. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर स्लिप मारते, तर तेलाचा दाब गळतो आहे. ही परीक्षा परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात चांगली होते.

सपाटीवरच्या थरथरीसाठी अमरावती-अकोला महामार्ग उत्तम. त्यावरचा लोणी ते माना हा एकपदरी मोजमापाने ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनीज विक्रमात गेला. मोकळ्या रस्त्यावर ६०-७० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर हलका धरला असता गाडी खडखडाटी पट्टीवरून गेल्यासारखी थरथरते का, ते पाहावे. थरथरत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला फक्त दिवा लागण्यापुरता स्पर्श करावा. त्यासरशी कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि पेटी थेट जोडणारा) सुटतो. थरथर थांबली तर दोष कन्व्हर्टरकडे किंवा तेलाकडे. चालूच राहिली तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल तपासावेत. ब्रेक दाबून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देण्याची ‘स्टॉल’ परीक्षा मात्र जाणत्या फोरमनवर सोडावी. ती पाच सेकंदांहून लांबली तर धडधाकट पेटीही भाजून निघते.

स्कॅनरचा भारतातील आधार अलीकडचा. चारचाकींना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाले. त्याआधीच्या काही गाड्यांत डॅशवरचा ‘डी’ दिवा लुकलुकतो, तोच कोड. स्कॅनरवर पी०७०० दिसला म्हणून पेटी उतरवणे हा घाईचा कळस. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे तक्रार नोंदलेली आहे. खरी तक्रार त्याच्या पाठच्या कोडमध्ये असते: पी०७१५ असेल तर वेगाचा सेन्सर, पी०७४१ असेल तर लॉक-अप क्लच, पी०७३० असेल तर गिअरचे प्रमाण जुळत नाही. सेन्सर काही हजारांत बदलतो. अशा वेळी पेटी खोलणाऱ्याला ‘आधी तेलाचा दाब मोजला का?’ हे जरूर विचारावे.

शेवटचा धोका निदानाआधीचाच आहे. बंद पडलेल्या गाडीला ट्रॅक्टरने टोचन करून गॅरेजात आणायची आपल्याकडची रीत. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीच्या गाडीत तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती म्हणजे पेटी कोरडी घासली जाते. धक्का मारूनही अशी गाडी चालू होत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, तर ती चाके उचलून किंवा सरळ सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.