पेठेतील जुने घर विकताना

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांत जुन्या घरांच्या जागी सदनिका व दुकानगाळे उभे राहत आहेत. बाजार मंद असला की मालक भावाची चिंता करतो. मात्र अशा घरांचे व्यवहार कागदपत्रांवरच अधिक अडतात.

मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव असल्यास प्रथम वारसनोंद करून घ्यावी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे बहिणींची खरेदीखतावर सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवेच. भाऊबीजेला हा विषय नको म्हणून तो टाळला जातो आणि इसार घेतल्यावर नेमका तोच पुढे येतो.

जुना भाडेकरू असल्यास मालक बदलला म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत. साहजिकच रिकाम्या घराचा भाव वेगळा. सामाईक भिंत व बोळाच्या वहिवाटीचा उल्लेखही खरेदीखतात असावा.

2019 व 2021 च्या महापुरांनंतर नदीकडील मिळकतीची पूररेषा तपासणे अपरिहार्य आहे. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर निर्बंध असल्याने पुनर्विकासाच्या आशेने सांगितलेला भाव तेथे टिकत नाही.

घर 2001 पूर्वीचे असल्यास भांडवली नफ्यासाठी 1 एप्रिल 2001 चे बाजारमूल्य धरता येते. त्याचा दाखला नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून विक्रीपूर्वीच घ्यावा. घर पाडल्यावर मोजायला काही उरत नाही.