सर्व्हर बंद झाला की खेळ जातो कुठे?

31 मार्च 2024 रोजी ‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम बंद झाला. दुकानांतून तो आधीच, डिसेंबर 2023 मध्ये काढून टाकला होता. मार्चअखेर गेला तो लोकांच्या घरातला खेळ. ज्यांनी पैसे मोजले होते, ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती, त्यांच्याकडेही तो सुरू होईना. एप्रिलमध्ये तर अनेकांच्या ऑनलाइन खात्यातून त्याचा परवानाच काढून घेण्यात आला.

हा खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर 2014 मध्ये बाजारात आणला होता. बनवला होता लियों शहरातल्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओने. अख्खी अमेरिका लहान करून त्यात बसवली होती. न्यूयॉर्कहून निघायचं आणि गाडी हाकत लॉस एंजेलिसला पोचायचं. एकट्याने खेळण्यासारखी पूर्ण कथा त्यात होती, पण एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागायची. खेळाचा काही भाग आपल्या यंत्रावर आणि काही कंपनीकडे, अशी ती रचना. कंपनीने आपला भाग बंद केल्यावर आपल्याकडचा भाग निव्वळ जागा अडवणारा झाला.

व्हिडिओ गेमवर इतिहासाचा लेख कशाला, असं काही वाचक म्हणतील. आपल्या घरांत हा विषय निघाला की गाडी बहुधा ‘वेळ वाया’ आणि ‘हराम की मकरूह’ यावर येऊन थांबते. ती चर्चा ज्यांना करायची त्यांनी जरूर करावी. मला यात दिसतो तो साधनांचा प्रश्न. फर्मानं, बखरी, वक्फनामे, काझींच्या दफ्तरातले कागद यांच्या आधारे आपण इतिहास लिहितो, कारण ते कुणीतरी ठेवले. 2014 ते 2024 या दहा वर्षांत जगातल्या कोट्यवधी पोरांनी संध्याकाळ कशी घालवली, हे उद्या कुणाला लिहायचं झालं तर त्याने उघडायचं काय?

गंमत म्हणजे याच युबिसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ हा खेळ आणला. त्यात नवव्या शतकातलं अब्बासी बगदाद उभं केलं आहे. बाजार, कालवे, बैतुल हिकमा, आणि सोबत त्या काळाच्या इतिहासाची माहितीही. 1258 मध्ये हुलागूच्या फौजेने ज्या शहराची ग्रंथालयं उद्ध्वस्त केली, ते शहर पडद्यावर चालताबोलता पाहून माझ्यासारख्याला भरून येतं. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्या कंपनीने स्वतःचा नऊ वर्षांचा खेळ दुकानांतून उतरवला. हजार वर्षांपूर्वीचं ज्ञानालय हौसेने बांधायचं आणि कालचं काम पुसून टाकायचं, हे दोन्ही एकाच छपराखाली चाललं.

आधी असं नव्हतं. माझ्या पिढीला टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आणि त्याची कॅसेट आठवत असेल. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. पुढे कॉम्प्युटर आले आणि सायबर कॅफेत ‘रोड रॅश’ आणि ‘व्हाइस सिटी’ची चलती झाली. त्यातल्या बहुतेक सीडी कॉपी मारलेल्या असायच्या, हेही सांगून टाकतो. पण ती फाइल अजून कुणाकडे असेल तर ‘रोड रॅश’ थोड्या खटपटीने आजही चालतो. तो कुणाची परवानगी मागत नाही.

याचं याहून चांगलं उदाहरण अरब जगात आहे. मोहम्मद अल-शारिख या कुवेती उद्योजकाने 1982 मध्ये अल-आलमिया ही कंपनी काढली. जपानी एमएसएक्स जातीचे घरगुती संगणक घेऊन तिने त्यांना अरबी लिहायला-वाचायला शिकवलं आणि ‘सख्र’ या नावाने विकलं. अरब देशांतल्या एका पिढीला संगणक पहिल्यांदा दिसला तो या सख्रच्या रूपात. त्यावर खेळ होते, मुलांना शिकवणारे प्रोग्राम होते, कुरआन शरीफचा प्रोग्राम होता. शारिख यांना 2021 मध्ये इस्लामच्या सेवेसाठीचा किंग फैसल पुरस्कार मिळाला. त्यांचं निधन झालं मार्च 2024 मध्ये, म्हणजे ‘द क्रू’ ज्या महिन्यात बंद झाला त्याच महिन्यात. सख्र यंत्रांचं उत्पादन कधीच थांबलं, पण हौशी मंडळींनी त्या काड्रिजमधला मजकूर उतरवून घेतला आणि आजच्या लॅपटॉपवर जुन्या यंत्राची नक्कल करणारे इम्युलेटर बनवले. त्यामुळे ते प्रोग्राम आजही उघडतात. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू हयात आहे आणि दहा वर्षांची गेली. फरक एवढाच की सख्रच्या काड्रिजमध्ये प्रोग्राम पूर्ण होता.

तो अपुरा ठेवण्याची रीत मुख्यतः 2010 नंतर रुजली. कारण सांगितलं गेलं चोरीचं. त्या वर्षी मार्चमध्ये ‘असॅसिन्स क्रीड 2’ कॉम्प्युटरवर आला, तेव्हा इंटरनेट तुटलं की खेळ थांबत असे. काही दिवसांतच कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले लोक ताटकळत बसले. मे 2012 मध्ये ‘डायब्लो 3’ आला. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी झाली की लोकांना खेळाऐवजी ‘एरर 37’ ही पाटी दिसली. मार्च 2013 मधल्या ‘सिमसिटी’ची गोष्ट तर मुळापासून बघावी अशी आहे. यात एकट्याने बसून शहर वसवायचं असतं. तरी जोडणी सक्तीची, कारण म्हणे शहराची आकडेमोड कंपनीच्या सर्व्हरवर होते. काही दिवसांतच एका हौशी प्रोग्रामरने कोडमध्ये फेरफार करून तो जोडणीशिवाय चालवून दाखवला. वर्षभराने, मार्च 2014 मध्ये, खुद्द कंपनीने जोडणीशिवाय खेळायची सोय दिली. जे अशक्य म्हणून सांगितलं होतं, ते फक्त नको होतं.

इथपर्यंत हा श्रीमंत देशांतल्या गिऱ्हाइकांचा वैताग वाटू शकतो. पण दार दुसऱ्याच्या हाती दिलं की ते कुणासाठी बंद होईल हेही तोच ठरवतो.

ऑगस्ट 2012 मध्ये इराणमधल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंना एके दिवशी आत जाता येईना. बनवणारी ब्लिझार्ड कंपनी अमेरिकी. तिने कळवलं की अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणच्या रहिवाशांना सेवा देता येणार नाही, आणि त्याच निर्बंधांमुळे पैसेही परत करता येणार नाहीत. हा खेळ दरमहा वर्गणी भरून खेळायचा. लोकांनी वर्षानुवर्षं त्यात पात्रं वाढवली होती, दुसऱ्या देशांतल्या अनोळखी माणसांशी दोस्ती केली होती. जून 2019 मध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या बाबतीत इराण आणि सीरिया या दोन्ही देशांत तेच घडलं. त्या वेळी सीरियात युद्धाचं नववं वर्ष सुरू होतं. तिथल्या एखाद्या पोराला वीज आणि इंटरनेट दोन्ही मिळालेली ती दुर्मीळ संध्याकाळ असेल, आणि पडद्यावर काय आलं तर अमेरिकी कायद्याचा हवाला. निर्बंध सरकारांवर लादतात. त्यांची झळ कुठकुठल्या खोलीत पोचते, त्याची नोंद फारशी कुणी ठेवत नाही.

आपल्याकडे 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने 118 ॲप्सवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ होता. 30 ऑक्टोबरला भारतातली त्याची सेवा पूर्ण थांबली. बंदी योग्य होती की नव्हती, हा वेगळा वाद. इथे सांगायचं ते इतकंच की गल्लीतल्या चार पोरांचा कट्ट्यावरचा पबजी आणि तेहरानमधला तो खेळ एकाच प्रकारच्या बटणाने बंद झाला. 2021 मध्ये पबजी नवं नाव घेऊन परतला. जुन्या खात्यातला माल काही काळ नव्यात आणता येत होता. तीही मेहरबानीच.

फिकहच्या पुस्तकांत बैअ आणि इजारा हे दोन वेगळे व्यवहार आहेत. बैअमध्ये वस्तूच घेणाऱ्याची होते. इजाऱ्यात वस्तू मालकाचीच राहते, आपण ठरावीक काळासाठी तिचा वापर विकत घेतो. आणि ‘हिदाया’सारख्या हनफी ग्रंथात इजाऱ्याला अट अशी की मोबदलाही माहीत हवा आणि किती वापर मिळणार तेही. घर भाड्याने दिलं पण किती दिवसांसाठी ते सांगितलंच नाही, मालकाला वाटेल तेव्हा बाहेर काढेल, असा करार टिकत नाही. त्यात गरर आहे, म्हणजे एका बाजूला अंधारात ठेवणारी अनिश्चितता. मी मुफ्ती नाही आणि फतवा देत नाही. पण ‘द क्रू’च्या डब्यावर पूर्ण खरेदीची किंमत होती आणि मुदत कुठेच नव्हती. विकताना बैअचा चेहरा, काढून घेताना इजाऱ्याचा हक्क, आणि इजाऱ्याची मुख्य अट मात्र गायब. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2024 मध्ये कायदा केला की डिजिटल वस्तू विकताना ‘तुम्हाला फक्त परवाना मिळतो आहे’ हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. 1 जानेवारी 2025 पासून तो लागू झाला. मुदतीचं त्यात काही नाही. निम्मं पाऊल म्हणायचं.

जतन करणाऱ्यांची अवस्था अजून विचित्र आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात कुठेच मिळत नसल्याचं दिसलं. सर्व्हर बंद झालेले खेळ ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना आपल्या इमारतीत चालू करण्याची मुभा अमेरिकेत 2018 मध्ये मिळाली. अभ्यासकांना असे जुने खेळ घरबसल्या उघडू द्यावेत, ही मागणी ऑक्टोबर 2024 मध्ये फेटाळली गेली. म्हणजे संशोधकाने त्या इमारतीत जाऊन बसायचं. पुरालेखागारात रुमाल सोडून बसणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण कागद मुळात एकच असतो. फाइलला तशी अडचण नाही.

मग खेळ वाचवतो कोण? बहुतेक वेळा कायद्याच्या कुंपणाबाहेरचे लोक. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा 2004 चा खेळ नोव्हेंबर 2012 मध्ये बंद झाला. एप्रिल 2019 मध्ये उघडकीला आलं की काही मंडळी गेली अनेक वर्षं त्याचा सर्व्हर गुपचूप चालवत होती. गहजब झाला, कोड सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2024 मध्ये मूळ कंपनीने त्यातल्या एका गटाला रीतसर परवाना दिला. सरळ कायद्याने चालले असते तर आज परवाना द्यायला खेळच उरला नसता.

आपल्याला हे अनोळखी नाही. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. त्यात फकिराच्या भूमिकेतल्या वजीर मोहम्मद खान यांनी हिंदुस्थानी बोलपटातलं पहिलं गाणं गायलं. आज फोटो आहेत, जाहिराती आहेत, चित्रपट नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापनाच 1964 ची, तोवर पुष्कळ काही गेलं होतं. ‘द क्रू’चेही यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ आहेत. मात्र ‘आलम आरा’ गेला तो निष्काळजीपणामुळे. कुणी एक तारीख जाहीर करून तो संपवला नव्हता.

‘द क्रू’नंतर एप्रिल 2024 मध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. सर्व्हर जन्मभर चालवा, असं ती म्हणत नाही. बंद करताना खेळ चालण्याजोगा ठेवून जा, इतकंच म्हणते. युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जाने जुलै 2025 मध्ये 10 लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ब्रिटनच्या संसदेत नोव्हेंबर 2025 मध्ये चर्चा झाली, सरकारने कायदा बदलण्याचा विचार नसल्याचं सांगितलं. युबिसॉफ्टचे प्रमुख इव्ह गिलेमो यांनी भागधारकांच्या सभेत उत्तर दिलं ते असं, की शाश्वत काहीच नसतं. दुनिया फानी आहे हे आम्ही लहानपणीच मकतबमध्ये ऐकलं. पण मौत येणं आणि मारणं यातला फरकही तिथेच शिकवतात.

दबावाचा परिणाम झाला, हे मात्र खरं. ‘द क्रू 2’ला 2025 मध्ये जोडणीशिवाय चालण्याची सोय मिळाली. पहिल्या ‘द क्रू’ला कंपनीने काही दिलं नाही. त्याच्यासाठी चाहत्यांनीच बंद सर्व्हरची नक्कल करणारा ‘द क्रू अनलिमिटेड’ हा प्रोग्राम लिहिला आणि 2025 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. तो चालवायला मूळ खेळाच्या फाइली लागतात. परवाना गेल्यावरही ज्यांनी त्या जुन्या हार्ड डिस्कवरून पुसल्या नव्हत्या, ते पुन्हा न्यूयॉर्कहून निघाले.