लाव्हाच्या आधीची मुंगी

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या भिवपुरीचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांतून घडला. तप्त लाव्हात कीटकाचे नाजूक शरीर टिकत नाही, म्हणून येथील मुंग्यांचा पूर्वेतिहास मुख्यतः अंबरात, म्हणजे झाडातून पाझरून कालांतराने अश्मीभूत झालेल्या राळेत, शोधावा लागतो.

१९६७ साली ई. ओ. विल्सन, फ्रँक कार्पेंटर आणि विल्यम ब्राउन यांनी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सुमारे नऊ कोटी वर्षे जुन्या अंबरातील ‘स्फेकोमिर्मा फ्रेयी’ या मुंगीचे वर्णन केले. तिचे आखूड, दोन दातांचे जबडे गांधीलमाशीसारखे होते, तर कंबरेची गाठ आणि वक्षाच्या मागील भागातील, रोगजंतूंना रोखणारा स्राव देणारी ग्रंथी मुंगीची होती. त्यामुळे मुंग्या नांगी असलेल्या गांधीलमाश्यांच्या कुळातून उत्क्रांत झाल्या, या अनुमानाला भक्कम आधार मिळाला. म्यानमारमधील सुमारे ९.९ कोटी वर्षे जुन्या अंबरात तर वर-खाली हलणाऱ्या जबड्यांनी भक्ष्य डोक्यावरील शिंगाशी दाबून धरणारी, पुढे नामशेष झालेली शाखा आढळली. ब्राझीलमधील चुनखडीत मिळालेली, २०२५ मध्ये वर्णिलेली मुंगी ११.३ कोटी वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे भिवपुरीचा खडक घडला, तेव्हा मुंग्यांचे कुळ साडेचार कोटी वर्षांहून अधिक जुने झालेले होते.

भारतातील महत्त्वाचा पुरावा सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या, म्हणजे कोवळ्या तपकिरी कोळशाच्या, खाणींत आहे. भिवपुरीचा खडक घडवणाऱ्या दख्खनच्या लाव्हानंतर साचलेल्या या थरांतील पाच कोटींहून अधिक वर्षे जुने खंबात अंबर साल वृक्षाच्या कुळातील झाडांचे असून ते विद्रावकात विरघळत असल्याने आतील कीटक अखंड मोकळे करता येतात. २०१० साली येस रुस्ट, हुकम सिंह आणि सहकाऱ्यांनी त्यातील कीटकांचे युरोप व आशियाशी असलेले नाते दाखवले. त्यावरून आशियाकडे सरकणारी भारतभूमी त्या काळी पूर्ण एकाकी नव्हती, असे दिसते. पाने शिवून घरटी करणाऱ्या, आज कोकणातील झाडांवर आढळणाऱ्या लाल मुंग्यांच्या प्रजातीतील जुने नातलग युरोपातील बाल्टिक अंबरातही सापडले आहेत.

सुरत जिल्ह्यातील लिग्नाइट इंधन म्हणून जाळला जातो आणि राळ त्याच्याबरोबर भट्टीत गेली, की या प्रदेशाच्या कीटकजीवनाचा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून खाणकाम चालू असतानाच ती वेचून जतन करणे अत्यावश्यक आहे.