उडण्याआधीची थरथर

पावसाळ्यात दिव्याभोवती येणारे मोठे, जाड अंगाचे पतंग आपण सर्वांनी पाहिले आहेत. भिंतीवर विसावलेल्या अशा एखाद्या पतंगाला काडीने हळूच डिवचले, तर तो लगेच उडत नाही. त्याचे पंख आधी जागच्या जागी थरथरू लागतात. काही वेळ ही थरथर चालते आणि मगच तो झेप घेतो. वर्गात मात्र आपण शिकवतो की, कीटक शीतरक्ताचे असतात, म्हणजे त्यांच्या शरीराचे तापमान हवेबरोबर बदलते. हे विधान आणि ही थरथर यांचा मेळ कसा घालायचा?

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमधील शल्यवैद्य जॉर्ज न्यूपोर्ट यांनी १८३७ साली कीटकांच्या तापमानावर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याजवळ साधा थर्मामीटर होता. तरीही त्यांना दिसले की, हालचाल करणारे कीटक भोवतालच्या हवेपेक्षा गरम असतात. स्वस्थ बसले की ते थंड होतात.

ही उष्णता येते कोठून? पतंगाच्या वक्षात, म्हणजे शरीराच्या मधल्या भागात, उड्डाणाचे स्नायू ठासून भरलेले असतात. उभे स्नायू आकुंचन पावले की वक्षाचे छत खाली ओढले जाते आणि पंख वर जातात. आडवे स्नायू आकुंचन पावले की छत वर उचलले जाते आणि पंख खाली येतात. या कामात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी चार-पंचमांशाहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. पण स्नायू थंड असले, तर ते इतके सावकाश आकुंचन पावतात की उडताच येत नाही. म्हणजे उडण्यासाठी ऊब हवी, आणि ऊब तर स्नायूंच्या कामातूनच मिळणार!

डेन्मार्कमधील नोबेल पारितोषिक विजेते ऑगस्ट क्रोग यांनी एरिक झॉयथेन यांच्यासह १९४१ साली या कोड्याचा एक भाग उलगडला. उड्डाणापूर्वीच्या तयारीत वक्षाचे तापमान कसे चढत जाते, हे त्यांनी थर्मोकपल वापरून मोजले. १९६८ साली अ‍ॅन कॅमर यांनी त्या वेळी स्नायू नेमके काय करतात ते दाखवले. उडताना उभे आणि आडवे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावतात. अंग तापवताना मात्र ते जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. त्यामुळे पंख फडफडत नाहीत, नुसते थरथरतात, पण उष्णता मात्र तयार होते. थंडीत आपल्याला हुडहुडी भरते, तसाच हा प्रकार.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. उडताना उष्णता सतत तयार होत राहते, तरी पतंग फार तापत नाही. १९६४ साली अ‍ॅडम्स आणि हीथ यांनी असा निष्कर्ष मांडला की, हवा गरम असेल तर पतंग उष्णता कमी निर्माण करतो. ऐकायला हे पटण्याजोगे होते. पण हवेत तरंगत राहायचे तर स्वतःचे वजन पेलावेच लागते, आणि हवा गरम झाली म्हणून वजन काही कमी होत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करणाऱ्या बर्न्ड हाइनरिक यांनी तंबाखूच्या झाडावर वाढणाऱ्या ‘मँडुका सेक्स्टा’ या पतंगावर हे तपासून पाहिले. १९७० आणि १९७१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थंड हवेत काय किंवा गरम हवेत काय, उडणारा पतंग जवळपास सारखीच उष्णता निर्माण करत होता. तरीही वक्षाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहत होते. म्हणजे जास्तीची उष्णता कोठेतरी टाकली जात असली पाहिजे.

हाइनरिक यांनी पतंगाच्या पाठीतील रक्तवाहिनी बांधून टाकली. वक्षातून उदराकडे होणारे रक्ताभिसरण थांबले; वक्ष भलतेच तापले आणि पतंगाला उडत राहता येईना. मग त्यांनी वक्षावरील खवल्यांचे उबदार आवरण काढले. तोच पतंग पुन्हा उडू लागला! उदर हे मोटारीच्या रेडिएटरसारखे काम करते, हे यातून सिद्ध झाले. हवा गरम असेल तेव्हा रक्त उष्णता उदराकडे नेते. थंड असेल तेव्हा हा प्रवाह मंदावतो.

मग शीतरक्ताचे काय? विसावलेला पतंग हवेइतकाच थंड असतो. उडणाऱ्या मोठ्या पतंगाचे वक्ष आपल्या शरीराइतके किंवा त्याहूनही गरम असते. डासासारख्या चिमुकल्या कीटकाची उष्णता मात्र लगेच निघून जाते, त्यामुळे तो असा गरम राहू शकत नाही. म्हणून ‘कीटक शीतरक्ताचे असतात’ या वाक्यापुढे आपण ‘कोणता कीटक, आणि कोणत्या वेळी?’ हा प्रश्न जोडायला हवा.

विद्यार्थ्यांना याचा पडताळा घेता येईल. एकाच प्रकारचे पतंग गार रात्री किती सेकंद थरथरतात आणि उबदार रात्री किती, हे त्यांनी घड्याळ लावून नोंदवावे. हवेचे तापमानही शेजारी लिहावे. पतंगाला इजा करण्याची गरज नाही. आकड्यांतून काय दिसते, ते आधी त्यांनाच सांगू द्यावे.