वॉकर चक्राची कुळकथा

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हाची ही गोष्ट. 1896-97 आणि पाठोपाठ 1899-1900 अशा दोन दुष्काळांनी प्रांत होरपळला. पाऊस दगा देणार हे आधी कळेल का? 1875 मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्यापुढचा हा मोठा प्रश्न होता. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी या दुष्काळांआधीच हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधून पाहिले होते. ते पुरे पडले नाहीत.

1904 मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता, आणि तेच बरं झालं. सिद्धान्त मांडत न बसता त्यांनी जगभरच्या वेधशाळांतले दाब, तापमान आणि पावसाचे आकडे गोळा केले आणि भारतीय कारकुनांकडून त्यांचे परस्परसंबंध हाताने काढून घेतले. प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही घडतं, हे त्यातून दिसलं. 1924 च्या सुमारास वॉकर यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटलं. ती अफाट आकडेमोड करणाऱ्या कारकुनांची नावं आज फारशी कुणी घेत नाही, हे खटकतं.

या आंदोलनाचं कारण सापडायला 1969 उजाडलं. इंडोनेशियाजवळच्या उबदार पाण्यावर हवा वर चढते, उंचावरून पूर्वेला जाते, दक्षिण अमेरिकेजवळच्या थंड पाण्यावर उतरते आणि पृष्ठभागावरून पश्चिमेला परतते. हवामानशास्त्रज्ञ जेकब ब्यर्कनेस यांनी हे चक्र उलगडलं आणि त्याला वॉकर यांचं नाव दिलं. एल निनो म्हणजे हे उबदार पाणी पूर्वेला सरकणं; त्यामागोमाग हवेचा चढही सरकतो. मग भारतावर हवा खाली दबते आणि ढग धरत नाहीत.

पण 1997 मध्ये प्रचंड एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले के. कृष्णकुमार यांनी सहकाऱ्यांसह 1999 मध्ये दाखवलं, की एल निनो आणि मोसमी पावसाचं जुनं नातं सैल झालंय. चक्राची उतरती बाजू आग्नेयेकडे सरकल्याचं एक संभाव्य कारणही त्यांनी मांडलं. चक्र दीर्घकाळात मंदावतंय की जोर धरतंय, यावर अजून वाद आहे.

2023 हेही एल निनोचं वर्ष. देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला. आणि 23 सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. हंगामाची सरासरी सांगणारा अंदाज इथे अपुराच. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्यासाठी लागणारी जादा वाफ येते ती मुख्यतः अरबी समुद्रावरून.