कुद्रेमुख: शहाचे तेल आणि डोंगराचे लोखंड

सह्याद्री म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काळा कातळ उभा राहतो. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पण बेळगाव ओलांडून दक्षिणेकडे गेले की तो संपतो आणि अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक उघडा पडतो. कर्नाटकातल्या चिकमगळूर जिल्ह्यातला कुद्रेमुख डोंगर याच जुन्या खडकाचा आहे. त्याची उंची सुमारे १,८९० मीटर. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ घोड्याचे तोंड.

या खडकात लोखंड आहे. म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातले संपत अय्यंगार यांनी १९१३ साली ते शोधले. मात्र हे मॅग्नेटाइट हलक्या प्रतीचे. लोखंडाचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास. खडक दळून, चुंबकाने लोखंड वेगळे केल्याशिवाय त्याला गिऱ्हाईक मिळणे अवघड होते. तेवढा पैसा आणि तेवढी वीज कोणाकडे नव्हती. साठ वर्षे डोंगर वाचला तो या गरिबीमुळे.

पैसा आला इराणमधून. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि शहा मोहंमद रझा पहलवी यांना देशात पोलादाचे कारखाने उभारायचे होते. १९७५ मध्ये करार झाला: इराणने ६३ कोटी डॉलरचे कर्ज द्यायचे आणि भारताने वर्षाला ७५ लाख टन शुद्ध केलेले खनिज पाठवायचे. १९७६ मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. डोंगरावर वसाहत उभी राहिली. दळलेले खनिज पाण्यात कालवून मंगळूर बंदरापर्यंत नेण्यासाठी ६७ किलोमीटरची पाइपलाइन टाकली गेली. काम संपत आले असतानाच, १९७९ मध्ये, इराणमध्ये क्रांती झाली. शहा गेले आणि नव्या राजवटीने माल उचलला नाही. खाण तयार, गिऱ्हाईक गायब! मग इतर देशांत ग्राहक शोधले गेले आणि डोंगर फोडणे सुरू झाले.

ज्या डोंगरावर हे चालले होते तिथले जंगल साधे नाही. येथे वर्षाला सुमारे ७,००० मिलीमीटर पाऊस पडतो. माथ्यावर गवत आणि घळींमध्ये दाट सदाहरित झाडी अशी ही जोडी; यातल्या झाडीला ‘शोला’ म्हणतात. ही जोडी पावसाचे पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. जवळच्या गंगामूळला तुंगा, भद्रा आणि नेत्रावती उगम पावतात. तुंगा व भद्रा एकत्र होऊन पुढे कृष्णेला मिळतात, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या कृष्णेला. फक्त पश्चिम घाटात आढळणारे सिंहपुच्छ वानर येथे राहते. १९८० च्या दशकात उल्हास कारंत यांनी त्याची पाहणी केली आणि १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. खाण मात्र चालूच राहिली.

लोखंड काढून उरलेला चिखल लक्या धरणामागे साठत गेला. खाणीची माती पावसाबरोबर भद्रेत उतरत होती. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये खाण बंद करण्याचा निर्णय दिला आणि ३१ डिसेंबर २००५ रोजी काम थांबले.

हा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेही. पण वसाहत ओस पडली, अनेकांची रोजी गेली, हेही सांगितले पाहिजे. इस्लाममध्ये पृथ्वी ही माणसाकडे सोपवलेली अमानत आहे. अमानत सांभाळणाऱ्याला जंगल आणि कामगार यांतला एक निवडून दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. खाण उघडतानाच, ती बंद झाल्यावर मजूर कुठे जाईल आणि चिखल कुठे राहील, याचा हिशेब मांडायला हवा होता. तेव्हा हिशेब फक्त डॉलरचा झाला.

हा प्रश्न जुना झालेला नाही. बळ्ळारी जिल्ह्यातल्या देवदारीच्या जंगलात खाण सुरू करण्याचा त्याच कंपनीचा प्रस्ताव २०२४ मध्ये वादात सापडला. तिथला निर्णय घेणाऱ्यांनी आधी लक्या धरणामागचा चिखल पाहून यावा. खाण बंद होऊन वीस वर्षे झाली, तो अजून तिथेच आहे.